गळका जोड बाहेरून बुजत नाही, आणि गीझरचा व्हॉल्व्ह बुजवायचाच नसतो

‘प्लंबर कशाला? गळणारा कोणताही जॉइंट दहा मिनिटांत कायमचा बंद!’ अशा मथळ्याचा मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. मी तो वाचून सोडून दिला होता. मग तोच मेसेज काकांनी मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘संध्याकाळी गीझरच्या खालच्या व्हॉल्व्हचं करून टाकतो.’ आधी फोन करून त्यांना थांबवलं. आता सविस्तर लिहितोय, कारण हा मेसेज अजून कितीतरी काका-मावशांच्या फोनवर पडलेला असणार.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पाणी बंद करायची गरज नाही. गळणाऱ्या जोडावर बाहेरून टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळा. तरी थांबलं नाही तर वर सुती दोरा गुंडाळून त्यावर खायचा सोडा आणि सुपरग्लू ओता. टेप जितका जास्त आणि जोड जितका आवळलेला तितकं उत्तम. टेप कुठल्याही दिशेने गुंडाळा, त्यावर थोडं तेल लावा. गीझरचा व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर त्याच्या तोंडाला टेप लावून टोपी बसवा. आणि बारीक ठिबक असेल तर काहीच करू नका, ती आपोआप थांबते.

गीझरपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फार तर भिंत ओली होईल. या सल्ल्याने माणूस जाऊ शकतो.

टाकीच्या गीझरला थंड पाणी जिथून आत येतं, तिथे सहसा एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो पाणी उलट जाऊ देत नाही आणि आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की थोडं पाणी बाहेर सोडतो. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेलं तर ते २०० मिलीलीटरहून जास्त वाढतं. टाकी बंद, उलट जायची वाट बंद, आणि पाणी दाबून जवळजवळ आकसत नाही. मग हे वाढलेलं पाणी जाणार कुठे? त्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर येणार. म्हणजे गीझर तापत असताना तिथे पडणारे थेंब ही गळती नाहीच, व्हॉल्व्ह आपलं काम करतोय.

आता तिथे टोपी बसवा. दर वेळी गीझर तापला की टाकी, तिचे जोड, सगळं ताणलं जाणार. त्यात एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज बंद करणारा भाग) चिकटला आणि कटआउटही (फार तापल्यावर वीज तोडणारा भाग) चालला नाही, तर पाणी १०० अंशांच्या वर जाईल आणि तरीही उकळणार नाही, कारण दाबाखाली उत्कलनबिंदू वर सरकतो. अशी टाकी फुटली की दाब एका क्षणात उतरतो आणि त्या पाण्यातला काही भाग जागच्या जागी वाफ होतो. उघड्या हवेत वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. अशा स्फोटांत गीझर भिंतीवरून उखडून छत फोडून गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. व्हॉल्व्ह गीझर थंड असतानाही सतत वाहत असेल तर येणाऱ्या पाण्याचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह खराब झालाय. दाब तपासा, व्हॉल्व्ह बदला. त्याचं तोंड मात्र कायम मोकळं आणि खालच्या बाजूला वळलेलं हवं. यात तडजोड नाही.

आता जोडांकडे वळू. ‘कोणताही जॉइंट’ हे दोन शब्दच मुळात चुकीचे आहेत. पाइपाच्या आट्यांसाठी, म्हणजे जोड फिरवून बसवायच्या गोल खाचांसाठी, दोन वेगवेगळी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, आणि त्यांची नावं वाचली तरी अर्धा मेसेज खोटा ठरतो. आयएसओ ७ हे ज्या आट्यांवरच पाणी अडवलं जातं अशा आट्यांचं मानक आहे. आयएसओ २२८ हे ज्या आट्यांवर पाणी अडवलं जात नाही अशांचं. पहिल्या प्रकारात बाहेरचे आटे निमुळते असतात, १६ मिलीमीटर लांबीला १ मिलीमीटर व्यास कमी होत जातो. आवळत गेलं की ते पाचरीसारखे रुततात, आणि उरलेली बारीक फट टेप किंवा पेस्ट भरून काढते. दुसऱ्या प्रकारात आटे सरळ असतात. त्यांचं काम फक्त दोन भाग एकमेकांवर दाबून धरणं. पाणी अडवतो तो आतला रबरी वॉशर किंवा घासून बसणारा सपाट पृष्ठभाग. बेसिनखालचा लवचीक कनेक्शन पाइप, शॉवरची नळी, वॉशरवालं युनियन (दोन पाइप नटाने जोडणारा उघडता येणारा जोड), हे सगळे या दुसऱ्या घरातले. तिथे आट्यांवर कितीही टेप गुंडाळला तरी उपयोग शून्य. उलट जाड टेपामुळे नट वॉशरपर्यंत पोचतच नाही आणि गळती वाढते. तिथे करायचं ते सोपं आहे: नट काढा, वॉशर बघा, चपटा झालेला किंवा तडकलेला असेल तर नवा घाला.

म्हणून जोड गळायला लागला की पहिला प्रश्न हा, की इथे पाणी अडवतंय कोण? आटे की वॉशर? हे न बघता टेप हातात घेणं म्हणजे निव्वळ चाळा.

बाहेरून टेप गुंडाळायची कल्पना तर हास्यास्पद आहे. निमुळत्या आट्यांमध्येही कडा आणि खाचा तंतोतंत मिळत नाहीत, त्यामुळे आतून बाहेर एक नागमोडी फट उरते. पाणी त्या फटीतून आटा आटा करत फिरत बाहेर येतं. टेप त्या फटीत दाबला गेला तरच अडवणार. आणि टेफ्लॉन टेपला गोंद नसतो! टेफ्लॉन म्हणजे १९३८ साली रॉय प्लंकेट यांना ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत सापडलेला तोच पदार्थ, जो नॉनस्टिक तव्यांवर असतो, ज्याला जवळपास काहीच चिकटत नाही. त्याने बाहेरून पाणी धरून ठेवायचं, आणि आतून दाब चालू असताना? गच्चीवरची टाकी नळाच्या १० मीटर वर असली तरी जोडावर सुमारे १ बार दाब असतो. पाणी टेपाच्या घड्यांतून वाट काढतं आणि दुसरीकडून थेंब सोडतं. मग माणसाला वाटतं, जागा बदलली म्हणजे थोडं बसलं.

दोरा, सोडा आणि सुपरग्लू. यात अर्धं सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो: सोडा टाकला की सुपरग्लू क्षणात दगडासारखा होतो, कोरड्या प्लास्टिकची चीर बुजवायला लोक तो वापरतातही. पण तो ठिसूळ असतो. नळ झटकन बंद केला की पाइपाला बसणारा धक्का, गरम-थंड पाण्याने होणारं आकुंचन-प्रसरण, यात तो तडकतो. ओल्या, वाहत्या जागी तर धड धरतही नाही. आणि सुती दोऱ्यावर सुपरग्लू ओतणं धोक्याचं आहे. कापसाशी त्याची प्रक्रिया इतकी जोरात होते की धूर येऊ शकतो आणि बोटं भाजतात. शिवाय गोंदात बुडालेला जोड पुढे उघडत नाही. प्लंबर वाचवायला निघालेल्या माणसाला शेवटी प्लंबरकडून पाइप कापून घ्यावा लागतो. रात्री पाइपालाच बारीक भोक पडलं आणि सकाळपर्यंत निभवायचंय, तर इपॉक्सी पुट्टी चालेल, पण मुख्य कॉक बंद करून, पाइप रिकामा, कोरडा आणि खरवडून घेतल्यावर. ‘कायमचा’ हा शब्द तिथेही विसरा.

‘जितकं घट्ट तितकं उत्तम.’ प्लास्टिकचे जोड फोडायला हे एक वाक्य पुरेसं आहे. आटे निमुळते असल्यामुळे प्रत्येक जादा फेऱ्याबरोबर बाहेरचा सॉकेट (ज्याच्या आत पाइप बसतो तो भाग) आतून फाकत जातो. टेफ्लॉन गुळगुळीत, म्हणून पान्ह्याला जोर लागतोय हे हाताला कळतच नाही. पितळेचा किंवा लोखंडी निपल (बाहेरून आटे असलेला छोटा तुकडा) प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत घालून दाबला की तडा ठरलेला, आणि तो कधी कधी त्याच दिवशी दिसत नाही, काही आठवड्यांनी भिंतीआड दिसतो. अशा जागी आत पितळी आटे बसवलेला सॉकेट वापरा.

टेपाची दिशा महत्त्वाची नाही, हे साफ खोटं. बाहेरच्या आट्यांचं तोंड आपल्याकडे धरा, जुन्या टेपाचे अवशेष तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. पहिला आटा मोकळा सोडून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, थोडा ताण देत गुंडाळा. साध्या पातळ टेपाचे तीन ते पाच फेरे पुरतात. टेपाखालून आट्यांचे उंचवटे दिसायला हवेत. दिसत नसतील तर टेप जास्त झाला. उलट गुंडाळला तर जोड फिरवताना तो उलगडून बाहेर गोळा होतो. आधी हाताने बसेल तितकं बसवा, मग पान्ह्याने एक ते दोन फेरे, प्लास्टिक असेल तर एकाच्या आसपास थांबा. नळाचं तोंड सरळ आणायला मागे फिरवलात तर टेप फाटतो. मग परत उघडा, नवा टेप लावा.

तेल लावू नका, विशेषतः सीपीव्हीसीला, म्हणजे गरम पाण्यासाठी वापरतात त्या प्लास्टिकच्या पाइपाला. कित्येक तेलांनी ते प्लास्टिक ताणाखाली तडकतं.

राहिली आपोआप थांबणारी ठिबक. जीआय पाइपाच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाच्या) नव्या जोडातला अगदी बारीक पाझर क्षार आणि गंज बसून थांबतो, हे खरं आहे. अंबाडीचा धागा लावलेला असेल तर तो फुगूनही थांबतो. पण आट्यांच्या खाचेत पाइपाची भिंत सगळ्यात पातळ असते, आणि गंज नेमका तिथेच खातो. प्लास्टिकमध्ये तर हे घडण्याची आशाच नको. आणि सेकंदाला एक थेंब, २० थेंबांचा एक मिलीलीटर असा हिशेब धरला, तरी दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी जातं. जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळून ठेवा. सकाळी तो ओला असेल तर मुख्य कॉक बंद करून जोड उघडायची वेळ झालेली आहे.