अपघात पलीकडे, जॅम अलीकडे

पलीकडच्या बाजूला! अपघात पलीकडच्या बाजूला झाला होता. मध्ये अख्खा दुभाजक. आमच्या बाजूला रस्ता स्वच्छ. तरी तासभर आम्ही पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. कारण पुढच्या प्रत्येक महाभागाला चेपलेली गाडी बघायची होती. एकाने तर काच खाली करून फोनच बाहेर काढला. अरे, तिथे कोणाचा तरी जीव टांगणीला लागलाय आणि तुला व्हिडिओ पाहिजे? बरं, काढून तो बघणार कोण? तुझ्यासारखेच चार रिकामटेकडे.

ताशी शंभरने येणारी गाडी सेकंदाला 28 मीटर कापते. वळणामागे रांग थांबलीय हे लक्षात येऊन ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तेवढं अंतर गेलेलं असतं. म्हणजे एकाचा अपघात बघायच्या नादात दुसरा घडवायची पूर्ण तयारी. रांगेच्या शेपटाला माझी गाडी होती तोवर चारही इंडिकेटर लावून मी नुसता आरशात बघत बसलो होतो, मागून कोण येऊन ठोकतोय म्हणून.

तेवढ्यात साइडपट्टीवरून शहाणे सुटले. अँब्युलन्सने यायचं कुठून, तुमच्या टपावरून? आणि साइडपट्टी संपली की हेच साहेब गरीब चेहरा करून आत घुसणार. मी नाही घेऊ दिलं. मागच्याने दिलं. त्या मागच्यावरही माझा राग आहे.

हॉर्नवाल्यांवर तर बोलतच नाही. (बोललो. भरपूर. बंद काचेआड, डॅशबोर्डला उद्देशून. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी हळूच त्यांची काच वर केली.)

म्हणे लेन वाढवा. वाढवल्या की तेवढ्या गाड्याही वाढतात, हे किती वेळा बघायचं? जपानी संशोधकांचा 2008 सालचा प्रयोग आहे : 230 मीटरच्या गोल ट्रॅकवर 22 गाड्या, वेग ताशी तीसच्या आसपास ठेवा एवढंच सांगितलेलं. सिग्नल नाही, अपघात नाही, बघे नाहीत. तरी जॅम झालाच! कोणीतरी जरा ब्रेक दाबतो, मागचा त्याहून जोरात, त्याच्या मागचा थांबतोच. मग इथे तर हौसेने ब्रेक दाबणारे.

उभ्या गाडीचं मायलेज शून्य, जाहिरातीत काही का छापेनात. डिझेल माझं, क्लच माझा, बुडालेला तास माझा. टोल मात्र पूर्ण कापला. वेगवान प्रवासाचा.