पहिली ते चौथीच्या वर्गात मोबाईल शिक्षकाच्या हाती हवा

शाळाभेटीच्या नमुन्यात एक रकाना असतो: डिजिटल वर्गखोली आहे की नाही. आम्ही तिथे ‘आहे’ असे लिहितो आणि भेटीला आलेले अधिकारी पुढच्या रकान्याकडे वळतात. त्या वर्गखोलीतील पडद्यावर कोण काय पाहते, पाहिल्यानंतर मुले काय करतात आणि त्या अर्ध्या तासात शिक्षक कुठे असतो, हे विचारणारा रकाना त्या नमुन्यात नाही. प्राथमिक शाळेतील डिजिटल साधनांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक याच एका रकान्याभोवती फिरते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी वऱ्हाडातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली आणि दुसरीचे वर्ग एकत्र घेते. तिसरी-चौथी माझ्या सहकारी गुरुजींकडे असते. आमच्याकडे टीव्ही आहे, इंटरनेट कधी असते कधी नसते, आणि माझा स्वतःचा मोबाईल आहे. एवढ्या साहित्यावर काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात डिजिटल साधनाची सर्वांत उपयुक्त जागा शिक्षकाच्या हातात आहे. ते मुलांच्या डोळ्यांसमोर सतत चालू ठेवण्याची गरज नाही, आणि शिक्षकाच्या जागी तर ते मुळीच नको.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांनी या क्षेत्रात जे काम केले आहे, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाडा नावाची छोटी शाळा संदीप गुंड गुरुजींनी डिजिटल केली आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. २२ जून २०१५ रोजी प्रत्येक मूल शिकावे यासाठीच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्याच्या आगेमागे गावोगावी लोकवर्गणी उभी राहिली आणि अनेक ठिकाणी मजुरी करणाऱ्या पालकांनीही त्यात आपला वाटा घातला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पष्टेपाड्याच्याच सुमाराला सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, प्रतिभा भराडे मॅडम आणि तेथील शिक्षकांनी खडे, बिया, काड्या आणि फरशीवर आखलेल्या तक्त्यांच्या आधारे ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकते असे, वर्ग उभे केले होते, आणि तिथेही शिक्षकांच्या गाड्या भरून जात होत्या. पष्टेपाड्याहून परतल्यावर टीव्ही विकत घेता येत होता. कुमठ्याहून परतल्यावर विकत घेण्यासारखे काही नव्हते, त्यामुळे तिथले जे घ्यायचे ते शिकूनच यावे लागत होते. पष्टेपाड्याच्या यशामागेही टीव्हीच्या आधी धडपडणारा शिक्षक होता, हे नंतरच्या खरेदीच्या घाईत बरेचदा मागे पडले.

आता प्रत्यक्ष वर्गातले सांगते. पहिलीच्या कवितेची तयार चित्रफीत लावली की मुले एकदम शांत होतात. भेटीला आलेल्या माणसाला ती शांतता फार आवडते. परंतु चित्रफीत संपल्यावर कवितेत काय होते असे विचारले, तर मुले चित्रे सांगतात: ससा लाल होता, झाडाला डोळे होते, फुलपाखरू उडत गेले. कवितेचे शब्द त्यांच्या तोंडी आलेले नसतात, कारण ते यावेत अशी त्या चित्रफितीची मागणीच नसते. तीच कविता मी चालीवर म्हटली, मुलांनी माझ्या मागून म्हटली, टाळ्यांचा ठेका धरला, मध्येच मी एक शब्द गाळला आणि त्यांनी तो ओरडून भरला, तर चौथ्या दिवशी ती कविता अंगणात खेळताना ऐकू येते. भाषा तोंडाने आणि कानाने शिकायची असते आणि तिथे डोळ्यांवर झालेला रंगीत मारा अडथळाच ठरतो, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे.

गणितात हे आणखी स्पष्ट दिसते. दशक म्हणजे काय, हे दुसरीच्या मुलाला कळते ते काड्या मोजून दहांचा गठ्ठा बांधताना. रबर दोनदा गुंडाळावे लागते, एखादी काडी निसटते, मग पुन्हा मोजणी होते, आणि शेजारच्याचा गठ्ठा जाड दिसला की त्याच्या अकरा काड्या निघतात. त्या अकराव्या काडीवरून जे भांडण होते त्यात दशकाची संकल्पना तयार होते. काही अॅपमध्ये मात्र दहा ठोकळ्यांना बोट लावले की ते आपोआप चिकटून दशक होतात. चुकायला जागाच नसल्याने मूल दहा वेळा बरोबर उत्तर देते, त्याला चांदण्या मिळतात आणि कागदावर ३४ मध्ये दशक किती असे विचारले की ते गोंधळते. अक्षर गिरवण्याचेही तसेच आहे. काचेवर बोट कसेही फिरते. ‘अ’चे वळण आणि ‘श्र’चा तिरका दांडा जमण्यासाठी पेन्सिलीवर पडणारा दाब, कागदाचा खरखरीतपणा आणि मनगटाची सवय लागते.

तरीही मी मोबाईल रोज वापरते, आणि त्याबद्दल मला अधिक आस्थेने लिहायचे आहे. माझा सर्वांत जास्त वापर आवाज ध्वनिमुद्रित करण्यासाठी होतो. प्रत्येक मूल महिन्यातून एकदा माझ्याजवळ येऊन एक उतारा वाचते. तो पुस्तकातला पाठ झालेला नसतो, त्याच पातळीचा पण नवा असतो. मी ते वाचन मिनिटभर ध्वनिमुद्रित करते आणि फाईलला नाव व महिना देते. संध्याकाळी ऐकताना जे कळते ते वर्गाच्या गलबल्यात कधीच कळत नाही. कोणाला जोडाक्षर अडते, कोण रफार सोडून देते, कोण पहिले अक्षर पाहून बाकीचा शब्द अंदाजाने म्हणते, कोण प्रत्येक शब्द सुटा वाचते आणि वाक्याचा अर्थ हरवून बसते, हे सगळे वेगवेगळे दिसते. पुढच्या आठवड्याचे माझे गट त्यावरून ठरतात. मुलांना त्यांचे जुने वाचन ऐकवले की ती आधी लाजतात, मग कान देऊन ऐकतात आणि ‘बाई, इथं माझं चुकलं’ असे स्वतःहून सांगतात. माझ्या लाल शेऱ्याने हे एवढ्या सहज घडत नाही. पालकसभेत एखाद्या आईला जुलैचे आणि डिसेंबरचे वाचन लागोपाठ ऐकवले, तर तिला प्रगतिपुस्तकातील श्रेणीपेक्षा कितीतरी अधिक समजते, मग तिला स्वतःला वाचता येत असो वा नसो. या सगळ्याला इंटरनेट लागत नाही आणि कोणतेही अॅप विकत घ्यावे लागत नाही.

दुसरा उपयोग वाचनसाहित्याचा. ग्रामीण प्राथमिक शाळेची मोठी अडचण अशी असते की वाचायला शिकलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेर वाचायला फारसे काही मिळत नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या मुक्त संकेतस्थळावर मराठीतील गोष्टी वाचनपातळीनुसार मिळतात, त्या उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. तालुक्याला गेले की मी चार-पाच गोष्टी छापून आणते आणि मुले त्या शिवून वर्गातील दोरीवर टांगतात. इथे डिजिटल साधनाने त्याचे काम चोख केले आणि तरी मुलांच्या हातात शेवटी कागदच आला.

तिसरा उपयोग जे आपल्या गावात दाखवता येत नाही त्याचा. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. भरती-ओहोटी म्हणजे काय हे मी कितीही हातवारे करून सांगितले, तरी दोन मिनिटांची चित्रफीत ते काम अधिक चांगले करते. नकाशाच्या बाबतीत मात्र गुरुजी आणि मी क्रम ठरवून घेतला आहे. आधी मुले गावातून फिरतात, नाला, पार, पाण्याची टाकी आणि ग्रामपंचायत कुठल्या दिशेला येते ते बघतात, मग अंगणात खडूने आणि विटांच्या तुकड्यांनी नकाशा मांडतात. त्यानंतर टीव्हीवर उपग्रहाने टिपलेले आमचेच गाव दाखवतो. तेव्हा होणारा आरडाओरडा ऐकण्यासारखा असतो, कारण आपण नाला चुकीच्या बाजूला काढला होता हे त्यांना स्वतःला सापडते. क्रम उलटा केला तर मुले फक्त ‘आपलं गाव वरून किती लहान दिसतं’ एवढेच म्हणतात.

द्विशिक्षकी शाळेची एक खरी अडचण आहे आणि तिच्यावर अॅपचा उपाय सुचवला जातो, तो मी टाकाऊ मानत नाही. पहिलीला अक्षरे शिकवताना दुसरीच्या मुलांनी काय करायचे, हा प्रश्न आम्हाला रोज सोडवावा लागतो. रीड अलाँगसारख्या अॅपमध्ये मूल मोठ्याने वाचते, अॅप ते ऐकते आणि अडले की शब्द उच्चारून दाखवते. मराठी गोष्टीही त्यात आहेत. ज्याला वाचता येऊ लागले आहे त्याला सरावासाठी हे चांगले आहे, आणि दोघांनी मिळून एका मोबाईलवर वाचले तर अधिक चांगले, कारण मग ती एकमेकांना दुरुस्त करतात. मात्र मूल नुकते अक्षरे जोडू लागले असेल तेव्हा त्याचे वाचन यंत्रावर सोडू नये. आमच्याकडे घरात ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतात. मुलाने ‘पाणी’ हा शब्द पाहून ‘पानी’ म्हटले, तर त्याने शब्द ओळखला आहे, त्याचे वाचन झाले आहे, उच्चार पुढे सावकाश घडेल. हा भेद मला ऐकू येतो. यंत्राने ते चूक ठरवले, तर आपल्या घरची बोलीच चुकीची आहे असा समज सहाव्या वर्षी त्या मुलाच्या मनात बसेल, आणि तो पुसून काढणे फार कठीण असते.

या विषयावर आपल्या शेजारच्या राज्यात झालेले अभ्यास प्रत्येक शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातील शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, वाचून दाखवावेत असे मला वाटते. वडोदऱ्यातील महापालिका शाळांना गुजरात सरकारने २००० च्या सुमारास प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि प्राथमिकच्या मुलांसाठी ते क्वचितच वापरले जात होते. नंतर प्रथम या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, याप्रमाणे गणिताचे खेळ दिले आणि मदतीला प्रशिक्षित माणूस ठेवला. मुलांच्या गणितात ठळक सुधारणा झाली. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तिचा बराचसा भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदवलेले आहे. गुजरातमध्येच ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांतील संगणकावरच्या गणिताचा अभ्यास ली लिंडेन या अर्थतज्ज्ञांनी केला. जिथे शिक्षकाच्या तासाऐवजी मुलांना संगणकावर बसवले तिथे ती मागे पडली, आणि जिथे शाळेच्या वेळेव्यतिरिक्त तोच कार्यक्रम दिला तिथे मुलांना, विशेषतः कच्च्या मुलांना, लाभ झाला. कार्यक्रम तोच होता, फक्त तो कशाच्या जागी आला यावर परिणाम उलटा झाला. आपल्या शाळांत टीव्ही लावण्याआधी हा एकच प्रश्न विचारला जावा, की या अर्ध्या तासात मुलांचे दुसरे काय राहून जाणार आहे.

करोनाच्या काळात साधनच शाळा झाले होते. मार्च २०२० मध्ये बंद झालेले आमचे पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. घरात एक मोबाईल, तो बापाबरोबर कामावर, आणि भावंडे तीन, ही परिस्थिती सर्वांनी पाहिली आहे, तिची पुनरावृत्ती करत नाही. त्या काळातील ‘टिलीमिली’ हा सह्याद्री वाहिनीवरील कार्यक्रम मात्र लक्षात राहिला. त्याला रिचार्ज लागत नव्हता आणि घरातील साध्या वस्तू घेऊन काहीतरी करून पाहायला तो मुलांना सांगत होता.

शिक्षकाच्या हातात मोबाईल हवा असे मी म्हणते, तेव्हा आज त्या मोबाईलवर नेमके काय चालते तेही सांगायला हवे. उपस्थितीची नोंद, पोषण आहाराची नोंद, उपक्रमाचे छायाचित्र, त्या छायाचित्राची दुव्यावर भरायची माहिती, प्रशिक्षण पूर्ण केल्याचा पुरावा, आणि नेटवर्क नसल्याने पुन्हा प्रयत्न. ही कामे तासिका चालू असताना येतात आणि तातडीची असतात. शाळेच्या डिजिटल होण्याचा सर्वांत मोठा भाग माहिती वर पाठवण्यात खर्च होत आहे आणि वर्गातील मुलांपर्यंत त्यातून फार थोडे पोहोचते. मूल वाचून दाखवत असताना बाईंची नजर मोबाईलवर असेल, तर वाचन ही महत्त्वाची गोष्ट आहे असे त्या मुलाने का मानावे?

मुलांची छायाचित्रे आणि चित्रफिती व्हॉट्सअॅपच्या गटांवर टाकण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती आपण शिक्षकांनीच थांबवली पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. मी केलेले ध्वनिमुद्रण पालकांना विचारून केलेले असते, ते माझ्याकडेच राहते आणि वर्ष संपले की पुसले जाते. अडखळत वाचणाऱ्या मुलाचा आवाज कोणत्याही गटावर जाऊ नये, आणि छान वाचणाऱ्या मुलाचाही.

माझी केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांना विनंती आहे की येत्या वर्षी शिक्षण परिषदेत एक तास यासाठी द्यावा. प्रत्येक शाळेने पालकांच्या संमतीने, नाव न सांगता, एका मुलाचे सुरुवातीचे आणि आताचे वाचन ऐकवावे आणि मधल्या काळात काय केले ते सांगावे. डिजिटल वर्गाची छायाचित्रे त्या दिवशी आणू नयेत. शाळा व्यवस्थापन समितीकडे निधी आला असेल, तर दुसऱ्या टीव्हीच्या आधी एक साधा प्रिंटर आणि शाईचा वर्षभराचा खर्च मागावा, असे मी आमच्या समितीला सुचवले आहे. ज्या शाळांत प्रिंटर आहे त्यांनी शाईला आणि कागदाला वर्षाला किती खर्च येतो ते कळवले, तर आमच्या पुढच्या बैठकीत मला तो आकडा ठेवता येईल.