स्वयंपाकघराला दार हवं

परवा इथे, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका ओळखीच्या घरी जेवायला गेलो होतो. बोलता बोलता विषय सोमाली लोकांवर गेला आणि एक ताई म्हणाल्या, "तीस वर्षं झाली त्यांना इथे येऊन, पण त्यांच्या बायका काही मिसळत नाहीत हो." दुसऱ्याच्या घरी वाद नको म्हणून मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला दोन दिवस झोपू देत नाहीये, म्हणून लिहिते आहे.

2009 ते 2014 मी मिनिआपोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड वस्तीत राहिले. नवऱ्याची पीएचडी चालू होती आणि विद्यापीठ चालत जाण्याच्या अंतरावर होतं. रिव्हरसाइड प्लाझाचे ते उंच टॉवर इकडच्यांना माहीत असतीलच, काँक्रीटच्या अंगावर पिवळे-लाल-निळे चौकोन असलेले. राल्फ रॅप्सन या वास्तुविशारदाने ते बांधले 1973 साली, तेव्हा सोमाली कुटुंबं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. 1991 मध्ये सोमालियात हुकूमशहा सियाद बारेची राजवट कोसळली, यादवी पेटली, आणि केनियातल्या छावण्यांत वर्षं काढून माणसं मिनेसोटात यायला लागली. इथल्या टर्की पक्ष्याच्या मांसाच्या कारखान्यांत इंग्रजी न येताही काम मिळायचं. आधी काम करणारे आले, मग त्यांचे नातलग.

आमच्या घराचं स्वयंपाकघर हॉलमध्येच उघडायचं. समोरच्या घराचंही तसंच. समोर राहणाऱ्या बाईंना मी एड्डो म्हणायचे, म्हणजे आत्या. सहा मुलं, नवरा टॅक्सी चालवणारा. त्याच्याकडे पाहुणे आले की एड्डो छताला लावलेल्या दांडीवर एक जाड मरून पडदा ओढायची. पडद्याच्या अलीकडे पुरुष, पलीकडे ती, चूल, मुली आणि मी. पहिल्यांदा मी आत सापडले तेव्हा मला गुदमरल्यासारखं झालं होतं. माझ्या शिकल्यासवरल्या मनाने लगेच निकाल दिला, बिचारीला कोंडलंय.

तो निकाल चुकीचा होता. पडद्याआड एड्डो डोक्यावरचं वस्त्र काढून मोकळी बसायची. शाहमध्ये, म्हणजे त्यांच्या चहात, वेलची-दालचिनी टाकत मोठ्याने हसायची, पुरुषांच्या गप्पांवर शेरे मारायची. सोमाली भटक्या पशुपालकांमध्ये घर, त्यांचं 'अकल', बायका उभारतात. वाकवलेल्या काठ्या, त्यावर विणलेल्या चटया. तळ हलला की त्याच ते उकलून उंटावर लादतात आणि नव्या जागी पुन्हा उभं करतात. एड्डोची आजी असं घर बांधायची. आता नातीला कुणीतरी आखून दिलेल्या तीन खोल्या मिळाल्या, भाड्याच्या, भिंतीला खिळा ठोकायचा तरी परवानगी मागायची. घर कुठे उघडं ठेवायचं आणि कुठे झाकायचं, हे ठरवायला तिच्या हातात उरला होता तो एक पडदा.

तीच गोष्ट ऊन्सीची. आपल्याकडे तिन्हीसांजेला धूप फिरवतात तशी ऊन्सी, म्हणजे त्यांचा सुगंधी धूप, निखाऱ्यावर घालून त्याचा धूर घरभर, कपड्यांना, केसांना देतात. पाहुण्यांसाठी तर हवाच. पण इथे धूर झाला की छतावरचा अलार्म कोकलायला लागतो. म्हणून उणे वीस अंशांत खिडकी उघडून, एक मुलगी अलार्मखाली टॉवेल हलवत उभी, अशी ती ऊन्सी व्हायची.

माझ्याबद्दलही सांगते, कारण त्याशिवाय हे अर्धं राहील. माझ्याकडे एम.कॉम. होतं, इंग्रजी होतं, पण विद्यार्थ्याच्या बायकोच्या व्हिसावर कामाची परवानगी नव्हती. एड्डोला इंग्रजी जेमतेम, पण निर्वासित म्हणून आल्याने तिला काम करायचा हक्क होता. ती रात्री म्हाताऱ्या माणसांच्या घरी सेवेला जायची, सकाळी येऊन डबे भरायची, दुपारी इंग्रजीच्या वर्गाला बसायची. दिवसभर घरात एकटी मी. आमच्या दोघींत 'मिसळलेलं' कोण होतं? माझी जीन्स बघून तो प्रश्न मला कुणी कधी विचारला नाही.

तिनेच मला कारमेल मॉल या सोमाली बाजारात नेलं. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना खणाएवढी दुकानं, दिराक नावाचे बायकांचे झिरझिरीत झगे, सोनं, मेंदी, सांबूस म्हणजे त्यांचे समोसे तळल्याचा वास, आणि कितीतरी दुकानांत गल्ल्यावर बायकाच मालकीण. भांडवल कुठून येतं? व्याज निषिद्ध, त्यामुळे बँकेचं कर्ज नको. मग आयूतो. समजा वीस जणी महिन्याला पाचशे डॉलर काढतात, दर महिन्याला दहा हजार एकीला मिळतात, आणि जिची नड मोठी तिला आधी. मी ओरडलेच, अगं, ही तर भिशी! साताऱ्याला माझी आई तीस वर्षं भिशी चालवत होती. लिहिलेला कागद नाही, सही नाही, फक्त शब्द. त्या दिवसापासून मी एड्डोला परकी राहिले नाही.

सगळं गोडगोड आहे असं मी म्हणत नाही. वस्तीतली कॉफीची दुकानं पुरुषांची. तासन्‌तास राजकारणावर वाद चालतो, त्याला त्यांचाच शब्द आहे, 'फदी कु दिरिर', बसल्याबसल्या लढाई. तिथे बाई टेबल अडवून बसलेली मी पाच वर्षांत क्वचितच पाहिली. कारमेलमध्ये प्रत्येक डोळा ओळखीचा, त्यामुळे मुलगी कुणाशी बोलली हे तिच्याआधी घरी पोचतं. एड्डोची थोरली अभ्यासाला मुद्दाम लांबच्या लायब्ररीत जायची. आपल्याच माणसांच्या नजरेतून सुटलेली जागाही मुलींना लागते, आणि ती द्यायला त्यांच्यातले बापभाऊ किती तयार असतात, हा प्रश्न खरा आहे.

पण मिसळण्याचं म्हणाल, तर ब्रायन कॉयल सेंटरचं पाहा. वस्तीतल्या या समाजकेंद्राच्या जिममध्ये बास्केटबॉल खेळायचे ते मुलगेच. फातिमा हुसेन या सोमाली समाजसेविकेने मुलींसाठी वेगळी वेळ मिळवली, दार बंद, पुरुष नाहीत. मुली खेळायला लागल्या. मग पायात अडकणाऱ्या स्कर्टची आणि सुटणाऱ्या हिजाबची अडचण आली, तेव्हा त्याच मुली मिनेसोटा विद्यापीठाच्या डिझाइनच्या लोकांबरोबर बसल्या आणि 2015 मध्ये त्यांनी स्वतःचा खेळाचा पोशाख तयार केला. बंद दाराआड सुरू झालं म्हणूनच त्या विद्यापीठापर्यंत गेल्या. दार सताड उघडं असतं, तर त्या आत आल्याच नसत्या. याच वस्तीत राहिलेली, हिजाब घालणारी सोमाली इल्हान ओमर 2019 मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहात गेली, तेव्हा सभागृहात डोकं न झाकण्याचा 181 वर्षांचा नियम बदलावा लागला. तिचं राजकारण तुम्हाला पटो न पटो. ती आत गेली आणि आतल्या जागेलाही थोडं सरकावं लागलं.

ताई, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. 'मिसळत नाहीत' म्हणताना आपण त्यांना फक्त आपल्या जागेत बोलावतो, आपल्या वेळेला, आपल्या पद्धतीने. त्यांच्या पडद्याआड आपण कधी गेलो?

एड्डोची थोरली आता नर्स आहे. गेल्या वर्षी तिने उपनगरात घर घेतलं आणि पहिलं काम काढलं ते हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये भिंत घालायचं. कंत्राटदार चक्रावला, म्हणाला, सगळे लोक ही भिंत पाडायला मला बोलावतात. भिंतीला तिने सरकतं दार बसवलंय. ईदला गेले होते तेव्हा ते अर्धं उघडं होतं, आतून ऊन्सीचा वास येत होता, आणि एड्डो ओट्याशी खुर्ची टाकून कुणाला तरी आयूतोचा हिशोब समजावत होती.