लेकीला पैसे द्यायचे आहेत, हवाला करायचा नाही

परदेशातल्या मुलांनी आईवडिलांना पैसे पाठवले की या देशात त्यांचे केवढे कौतुक होते! परदेशस्थांकडून मायदेशी येणाऱ्या रकमेत भारत जगात पहिला आहे, हे आकडे दरवर्षी अभिमानाने छापले जातात आणि अनिवासी भारतीयांच्या ठेवींच्या जाहिराती बँकेच्या भिंतीवर कायम लटकलेल्या असतात. मात्र तोच पैसा उलट्या दिशेने जाऊ लागला, म्हणजे इथल्या आईने तिथल्या लेकीला आपल्या कष्टाच्या कमाईतून चार पैसे द्यायचे ठरवले, की त्या आईकडे थेट संशयित म्हणून पाहिले जाते. गेले काही महिने मी हे सोसते आहे आणि आता मला ते गप्प बसून सोसायचे नाही.

माझी मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहते. ती आणि जावई पहिले घर घेत होते. मी कराडला असते. शाळेतून निवृत्त झाले आहे आणि यजमान जाऊन काही वर्षे झाली. त्यांच्या भविष्य निर्वाह निधीच्या आणि माझ्या ग्रॅच्युइटीच्या मुदत ठेवींमधून तिला २५ लाख रुपये द्यावेत असे मी ठरवले. हे पैसे कर भरून उरलेले आहेत आणि त्यातला प्रत्येक रुपया पासबुकात दिसतो. रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना, म्हणजे ज्याला सगळे एलआरएस म्हणतात ती, २००४ पासून आहे आणि तिच्यानुसार निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. माझ्या २५ लाखांचे तीस हजार डॉलरही होत नव्हते. आईवडिलांनी मुलांना दिलेल्या भेटीवर आपल्याकडे प्राप्तिकर नाही आणि तिकडे अमेरिकेतही ही भेट घेणाऱ्याला कर लागत नाही. परदेशी व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरच्या वर भेट मिळाली तर फक्त एक माहितीचा फॉर्म भरावा लागतो. म्हणजे दोन्ही देशांच्या कायद्याने मला मोकळीक दिली होती. अडवले ते बँकेच्या काउंटरने.

ज्या बँकेत माझे वेतन जमा झाले आणि आता निवृत्तिवेतन जमा होते, तिथल्या शाखेत परकीय चलनाचे काम होतच नाही, हे मला अर्ज भरून दिल्यानंतर सांगण्यात आले. मग पुण्याच्या शाखेत जा. तिथे गेल्यावर आधी मूळ शाखेचे पत्र आणा. पत्र नेले तर त्यावरची सही जुळत नाही. सही जुळली तर साहेब रजेवर. शेवटी अर्ज पुढे सरकला तेव्हा एका तरुण अधिकाऱ्याने १५सीबी, म्हणजे कराबाबतचे सीएचे प्रमाणपत्र, आणि त्यासोबतचा १५सीए हा फॉर्म मागितला. तेव्हाच्या आयकर नियमावलीच्या नियम ३७बीबीनुसार, रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागत नाही अशी रक्कम एखादी व्यक्ती पाठवत असेल तर हे फॉर्म लागत नव्हते. मी तो नियम छापून नेला होता. त्या गृहस्थांनी कागदाकडे न पाहताच सांगितले, ‘‘काकू, आमच्या सिस्टिमला लागतं.’’ सिस्टिमला लागते म्हटल्यावर कायद्याचे काय चालणार? सीएची फी मी भरली.

त्यानंतर प्रश्न आला पैसे पाठवण्याच्या कारणाच्या संकेतांकाचा. वैयक्तिक भेटीसाठी एस१३०२ असा स्वतंत्र संकेतांक आहे आणि परकीय चलनासाठी भरायच्या ए-२ अर्जात मी तोच लिहिला होता. पण मुलगी घर घेते आहे असे माझ्या तोंडून निघाले आणि ही तर परदेशी स्थावर मालमत्तेतील गुंतवणूक झाली, असा शोध तिथे लागला. घर तिच्या नावावर, कर्ज तिच्या नावावर, माझा त्या घरात वीटभरही हक्क नाही. मग मी गुंतवणूकदार कशी? मी तिला दिलेल्या पैशांतून तिने घर घ्यावे की गाडी, हे तिने ठरवायचे आहे. हे समजावून सांगण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आणि त्या दुपारी डॉलर आणखी महाग झाला. बँक ज्या दराने डॉलर विकते तो वर्तमानपत्रातल्या दरापेक्षा जास्त असतोच, शिवाय या चलनबदलावर जीएसटीही लागतो. माझ्या रकमेवर तो १,२६० रुपये होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तो निदान समजण्यासारखा आहे.

समजत नाही तो टीसीएस, म्हणजे बँकेने सरकारसाठी आगाऊ गोळा करायचा प्राप्तिकर. १ ऑक्टोबर २०२० पासून तो परदेशी पैसे पाठवणाऱ्याकडून घेतला जाऊ लागला. तेव्हा तो सात लाखांवरील रकमेवर ५ टक्के होता; १ ऑक्टोबर २०२३ पासून शिक्षण आणि उपचार वगळता इतर कारणांसाठी तो थेट २० टक्के झाला; आणि १ एप्रिल २०२५ पासून सात लाखांची मर्यादा दहा लाखांवर आणून फार मोठी सवलत दिल्याचा आव आणला गेला. माझ्या २५ लाखांपैकी १५ लाख या मर्यादेच्या वर गेले, त्यांचे २० टक्के म्हणजे तीन लाख. तेही पाठवायच्या रकमेतून कापले जात नाहीत, वेगळे द्यावे लागतात. लेकीला २५ लाख देण्यासाठी मला २८ लाख उभे करावे लागले आणि त्यासाठी आणखी एक ठेव मुदतीआधी मोडून व्याजावर पाणी सोडावे लागले.

‘‘परत मिळतील की, विवरणपत्र भरलं की,’’ असे प्रत्येक जण म्हणतो. मिळतील, पण कधी? मी जूनमध्ये पैसे पाठवले. ते आर्थिक वर्ष मार्चला संपणार, विवरणपत्र पुढच्या जुलैपर्यंत भरायचे, त्याची छाननी होणार आणि मग परतावा येणार. म्हणजे माझे तीन लाख रुपये वर्षाहून अधिक काळ सरकारकडे अडकले. हे कोणत्या करापोटी? नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही आणि माझे निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून त्याच्या जवळपासही जात नाही. ठेवींच्या व्याजातून टीडीएस कापू नये म्हणून दर एप्रिलला मी १५एच हा फॉर्म भरून देत आले आणि बँक तो मुकाट्याने स्वीकारत आली. माझ्यावर कर नाही हे त्याच बँकेला, त्याच पॅनवर, त्याच सरकारने मान्य केलेल्या कागदावरून माहीत आहे; पण परदेशी पैसे पाठवताना असा एकही फॉर्म नाही, जो भरून मी म्हणू शकेन की बाबांनो, जो कर मला लागूच नाही तो आगाऊ घेऊ नका. हा उपाय सुचायला मोठी समिती नेमावी लागेल असे मला वाटत नाही.

या नियमाची सगळ्यात संतापजनक बाब मला आमच्या शेजाऱ्यांमुळे कळली. दहा लाखांची मर्यादा दर माणशी, दर आर्थिक वर्षी आहे. त्यामुळे नवरा-बायको दोघेही असतील तर वीस लाख बिनबोभाट जातात. निम्मे मार्चअखेरीस आणि निम्मे एप्रिलमध्ये पाठवले तर चाळीस लाखांवरही एक रुपया टीसीएस लागत नाही. शेजाऱ्यांनी मेलबर्नच्या मुलासाठी नेमके हेच केले आणि त्यात काहीही बेकायदा नाही. माझ्या लेकीचा घराचा व्यवहार जूनमध्ये पुरा व्हायचा होता, त्यामुळे मार्चपर्यंत थांबणे शक्य नव्हते, आणि दुसरा पॅन आता माझ्या घरात नाही. नवरा गेला की बाईची मर्यादाही निम्मी होते, हे या देशाच्या करकायद्याने ठरवून टाकले आहे. यजमानांनीच साठवलेले पैसे त्यांच्याच लेकीला देताना, ते हयात नाहीत म्हणून मला जास्त पैसे अडकवावे लागतात, याहून संतापजनक काय असू शकते?

आणि हे सगळे चालू असताना तिकडच्या गृहकर्ज देणाऱ्यांना माझ्याकडून सहीचे पत्र हवे होते की हे पैसे भेट आहेत, कर्ज नाहीत आणि मी ते कधी परत मागणार नाही. ते पत्र मी त्याच दिवशी दिले. पण मध्यस्थ बँकेने आपले शुल्क वाटेतच कापून घेतल्याने पत्रातल्या रकमेपेक्षा काही डॉलर कमी पोचले आणि त्याचा खुलासा करण्यासाठी लेकीला रात्री जागून ईमेल लिहाव्या लागल्या. वाटेतले शुल्कही माझ्याकडूनच घ्या, असे अर्जात निवडता येते, हे मला बँकेत कोणीही सांगितले नव्हते.

नातेवाइकांचे काय सांगावे? ‘‘ती डॉलरमध्ये कमावते, तिला कसले पैसे देतेस?’’ असे विचारणाऱ्यांनी आपल्या मुलांना फ्लॅट घेताना किती दिले, ते मला ठाऊक आहे. लेक कोथरूडला असती तर याच रकमेला माहेरचा आधार म्हटले असते.

आता माझ्याकडे उरले आहे ते टीसीएसच्या प्रमाणपत्राचे काम. हे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २७डी बँकेने स्वतःहून द्यायचा असतो. तो मुख्य कार्यालयातून येतो, असे कराडची शाखा सांगते आणि तो मूळ शाखेतून मिळेल, असे पुण्याची शाखा सांगते. मागच्या खेपेला मी तावातावाने विचारायला गेले, तेव्हा व्यवस्थापकांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि एवढी रक्कम बाहेर पाठवण्यापेक्षा त्यांच्या नव्या विमा योजनेत ठेवली असती तर किती फायदा झाला असता, हे रंगीत पत्रक दाखवून समजावून सांगितले. फॉर्म मात्र अजून आलेला नाही.