पाणी घालायला सगळे, ढवळायला कोण?
लेखात गच्चीवरच्या सामूहिक बागेसाठी पाण्याच्या पाळ्या लावा म्हटलंय ते बरोबरच, पण पाणी घालायला कोणीही येतं हो, खरी अडचण अमृतजलाची, म्हणजे शेण-गोमूत्राच्या पातळ खताची. नॅच्युएको या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीने १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस रोज ढवळायचं आणि मग दहापट पाणी मिसळून झाडांना द्यायचं. वास येतो म्हणून ढवळायला कोणी पुढे होत नाही, आमच्या सोसायटीत दोन काकूच करतात आणि मेथी निघाली की पिशव्या घेऊन सगळे हजर! फार चीड येते. भाजी आधी त्या दोघींना द्या, आणि ढवळायची पाळी घराघराला लावा, भाडेकरूंनाही धरून, त्यांना तर कोणी विचारतच नाही.