खुलासा : '१० टक्के कॉपी चालते' हे चूक

"प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत उचललेला मजकूर चालतो," असा मेसेज पुण्यातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढंच. सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष यांत मात्र साम्य मुळीच नको. तिथे सवलत फक्त सामान्य ज्ञानाच्या किंवा योगायोगाने जुळलेल्या सलग १४ शब्दांपर्यंत.

शब्द फिरवून साम्याचा टक्का खाली येईलही, पण कल्पना दुसऱ्याचीच राहते. 'वाढ झाली'चं 'वृद्धी झाली' केलंत तरी संदर्भ द्यायलाच हवा. उतारा जसाच्या तसा घेतलात तर अवतरणचिन्हं, लेखक, वर्ष, पान तिथल्या तिथे लिहा. शेवटच्या संदर्भसूचीत नुसतं नाव टाकून भागत नाही.