नाही, २९७ वर्षं कुणीही कॅलेंडरमध्ये घुसवलेली नाहीत

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ आला. एरवी मी असले व्हिडिओ उघडतही नाही, पण रात्री भाच्याचा फोन आला, दहावीत आहे तो, आणि विचारतो काय, मावशी, म्हणजे आत्ता खरं साल सतराशे-काहीतरी चालू आहे का, आणि आम्हाला शाळेत शिकवतात ते सगळं बनावट आहे का. मग मात्र मला बसून तो पूर्ण बघावा लागला, आणि खरं सांगते, डोकं तापलं.

व्हिडिओचं म्हणणं थोडक्यात असं. इ.स. ६१४ ते ९११ ही वर्षं झालीच नाहीत. जर्मन सम्राट ओटो तिसरा, पोप सिल्व्हेस्टर दुसरा आणि बायझँटाईन (म्हणजे पूर्व रोमन) सम्राट कॉन्स्टंटाईन सातवा या तिघांनी मिळून ती घुसवली, कारण ओटोला इ.स. १००० साली गादीवर असायचं होतं. कॉन्स्टंटाईनने म्हणे आपल्या राजधानीतल्या, कॉन्स्टँटिनोपलमधल्या (आजचं इस्तंबूल) सगळ्या बखरी नव्याने लिहून घेतल्या. वर हेही, की त्या बखरी म्हणजे भिक्षूंनी एकमेकांवरून उतरवलेल्या गप्पा, इतिहासकारांना त्यांचा शून्य उपयोग. ही कल्पना मुळात हेरिबर्ट इलिग या जर्मन लेखकाची, १९९० च्या दशकातली, पण व्हिडिओवाल्याने त्याचं नावही घेतलेलं नाही, जणू शोध यानेच लावला.

आधी ते तिघं. कॉन्स्टंटाईन सातवा वारला ९५९ साली. ओटो तिसरा जन्मला ९८० साली. मधे एकवीस वर्षं. या दोघांनी 'मिळून' कट कसा केला? हे एवढं तरी व्हिडिओ बनवणाऱ्याने तपासायचं होतं.

कॅलेंडरचा मुद्दा त्याहून सोपा आहे. व्हिडिओ म्हणतो की १५८२ साली पोप ग्रेगरीने दहाच दिवस गाळले, ज्युलियस सीझरपासून हिशोब धरला तर तेरा गाळायला हवे होते, म्हणून तीन शतकं गायब. पण हिशोब सीझरपासून धरलाच नव्हता! ३२५ सालच्या निकियाच्या धर्मसभेच्या वेळी वसंतसंपात (मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा दिवस) ज्या तारखेला यायचा तिथे त्याला परत आणायचं होतं, कारण ईस्टरची तारीख त्यावरून ठरते. सीझरच्या जुन्या कॅलेंडरची चूक साधारण १२८ वर्षांत एक दिवस. ३२५ ते १५८२ म्हणजे १२५७ वर्षं. भागाकार करून बघा, दहाच येतात.

आता बखरी. (क्रॉनिकलला मी बखर म्हणतेय, अगदी तीच गोष्ट नाही, पण आपल्याला चटकन कळेल.) इथे मला थोडं मान्य करावं लागेल, आणि ते मी करते. हो, हे लोक एकमेकांचं उतरवून घेत. हो, चुका आहेत, सहाव्या शतकातला अँटिओकचा मलालास हा वक्ता सिसरो आणि इतिहासकार सॅलस्ट यांना रोमन कवी म्हणतो आणि ग्रीक इतिहासकार हिरोडोटसला त्याच्या कितीतरी नंतरच्या पॉलिबियसच्या मागून आलेला ठरवतो. ५२६ च्या अँटिओक भूकंपात अडीच लाख मेले असं तो लिहितो, तो आकडा कुणी डोळे मिटून घेऊ नये. थिओफानिस हा नवव्या शतकातला भिक्षू तर उघड पक्षपाती, मूर्ती फोडायला लावणाऱ्या कॉन्स्टंटाईन पाचव्याला तो शेणावरून पडलेल्या टोपणनावाने हाक मारतो आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने पाण्यात घाण केली असं लिहितो. आणि सरळ बनवाबनवीसुद्धा झालेली आहे. १४५३ चा कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव पाहिलेल्या स्फ्रांझिसच्या छोट्या आठवणी सोळाव्या शतकात मकारिओस मेलिसेनोस नावाच्या बिशपने फुगवून त्याच्याच नावावर खपवल्या. पण ही बनवाबनवी पकडली कुणी? इतिहासकारांनीच ना, दोन्ही मजकूर शेजारी ठेवून. आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांवरून जे वाद झाले ते ज्यांना माहीत आहेत त्यांना हे नवीन नाही, साक्षीदार बडबड्या आहे म्हणून त्याला घालवून देत नाहीत, उलटतपासणी घेतात.

आणि उलटतपासणीला हे साक्षीदार कसे टिकतात ते ऐका. ७६० सालासाठी थिओफानिस लिहितो की आकाशात तुळईसारखं काहीतरी चमकदार दिसलं, आधी पूर्वेला दहा दिवस, मग पश्चिमेला एकवीस दिवस. हा हॅलेचा धूमकेतू. आता दूर पूर्वेला, आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीरजवळ झुकनीन नावाच्या मठात एक भिक्षू सिरियाक भाषेत (तिकडच्या ख्रिश्चनांची जुनी भाषा) बखर लिहित होता, त्याला ग्रीक राजदरबाराशी काही देणंघेणं नव्हतं, तो खलिफाच्या राज्यात राहायचा. त्यानेही हाच धूमकेतू नोंदवलाय, नुसता नोंदवला नाही तर बाजूला ताऱ्यांसकट त्याचं चित्र काढलंय, आणि ते हस्तलिखित आठव्या शतकातलं, बहुधा त्याच्या स्वतःच्या हातचं, आज व्हॅटिकनमध्ये आहे. तिकडे चीनमध्ये तांग राजवटीच्या ज्योतिषांनीही त्याच वर्षी तो टिपलाय. कॉन्स्टंटाईन सातव्याने मठातल्या सिरियाक भिक्षूचा कागद आणि चीनचं दफ्तर दोन्ही बदलून घेतले का?

अजून एक. मलालासने जस्टिनियनच्या काळात पश्चिमेला वीस दिवस दिसलेला एक शेपटीवाला तारा लिहिलाय, तो ५३० सालचा हॅले. नंतरच्या फेऱ्या ६०७, ६८४, ७६०, ८३७, ९१२, ९८९ आणि मग १०६६. हॅले साधारण ७४ ते ७९ वर्षांनी येतो. आता मधली २९७ वर्षं काढून टाका. ५३० आणि ९१२ मधे उरतात ८५ वर्षं, म्हणजे एका फेरीला फार जास्त आणि दोन फेऱ्यांना फारच कमी. धूमकेतू काही पोपचं ऐकून उशिरा येत नाही.

ग्रहणाचंही तेच. थिओफानिस म्हणतो ५ ऑक्टोबर ६९३, रविवार, सूर्यग्रहण, ठळक तारे दिसले. पुन्हा १५ ऑगस्ट ७६०, शुक्रवार, दिवसाच्या दहाव्या तासाला, म्हणजे दुपार कलल्यावर, सूर्यग्रहण. आजचे खगोलशास्त्रज्ञ मागे मोजत जातात तेव्हा ग्रहणं त्याच तारखांना येतात आणि वारही बरोबर येतो. भाच्याला मी फोनवरच वार काढायला लावला, त्याला ते सूत्र येतं, दोन्ही वेळा जुळला. दहाव्या शतकातल्या कुठल्याही खोटारड्याला अडीचशे वर्षांपूर्वीचं सूर्यग्रहण एका शहरापुरतं इतकं नेमकं मागे मोजता येत नव्हतं.

आणि मला सगळ्यात आवडणारी नोंद ७६३-६४ च्या हिवाळ्याची. काळा समुद्र गोठला, मग बर्फ फुटून डोंगराएवढे तुकडे वाहत कॉन्स्टँटिनोपलला आले, एक तटबंदीवर आदळला तेव्हा आतली घरं हादरली. आणि मधेच लिहिणारा म्हणतो, मी हे स्वतः पाहिलं, माझ्याच वयाच्या तीसेक मुलांबरोबर त्यातल्या एका तुकड्यावर चढून खेळलो. हा 'मी' थिओफानिस की त्याचा मित्र जॉर्ज सिंकेलोस यावर अभ्यासकांत वाद आहे, असू दे. पण २००७ साली मायकेल मॅकॉर्मिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या बर्फातले ज्वालामुखीच्या गंधकाचे थर आणि अशा कडक हिवाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या (मोठ्या उद्रेकानंतर थंडी वाढते), तर हा हिवाळा त्यात जुळतो. हजारो किलोमीटरवरचं बर्फ आणि एका मुलाचा खेळ, दोन्ही एकच साल सांगतात. बखरींचा शून्य उपयोग म्हणणाऱ्याने ही नोंद एकदा वाचायला हवी होती.

बाकी मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. सगळे लेखक भिक्षू होते हेही खोटं, अ‍ॅना कोम्निनी सम्राटाची मुलगी होती, निकितास खोनियातिस मोठा सरकारी अधिकारी होता आणि १२०४ ची कॉन्स्टँटिनोपलची लूट त्याने डोळ्यांनी पाहिली.

राहिलं आपलं. ६१४ ते ९११ झालंच नाही तर हिजरी सन ६२२ ला सुरू कुठे झाला, ह्युएन त्संग इथे आला कधी, आणि आठव्या शतकात वेरूळचं कैलास खोदलं कुणी? ऐहोळेच्या टेकडीवर पुलकेशी दुसऱ्याचा शिलालेख आहे, त्यात तीन महाराष्ट्रकं आणि त्यांची नव्व्याण्णव हजार गावं येतात आणि साल कोरलंय शक ५५६, म्हणजे इ.स. ६३४-३५. दगडावर. तो शक मधे कुठेही न तुटता आजही आपल्या पंचांगात मोजला जातो. भाच्याला म्हटलं, आजीच्या देवघराजवळ पंचांग असेल, पहिल्या पानावरचा शके आकडा बघ, त्यात ७८ मिळव आणि किती आलं ते त्याच ग्रुपवर टाक.